आमच्याकडे असे खेळत नाहीत

दिवाळीच्या सुट्टीत मामाची, आत्याची, काकाची मुले एका छपराखाली जमतात आणि दुपारची जेवणे आटोपली की पत्त्यांचा जोड बाहेर निघतो. पहिला अर्धा तास मोठ्या आनंदात जातो. मग बदामसातच्या डावात कोणीतरी हातात पान असूनही 'पास' म्हटल्याचे उघडकीस येते आणि एकच गिल्ला होतो. "पान असलं की टाकलंच पाहिजे!" "कोण म्हणतं? अडवून धरण्यातच तर गंमत आहे!" फिर्याद आजीपर्यंत जाते, आणि त्या फिर्यादीत एक वाक्य ठरलेले असते: "आमच्याकडे असं खेळत नाहीत!"

या वाक्यातला 'आमच्याकडे' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. बोलणारा मुलगा काही शास्त्राधार देत नाही. बदामसातची पोथी त्याने पाहिलेली नाही. आपणही पाहिलेली नाही. नियम खेळाचा नसून घराचा आहे, हे तो नकळत कबूल करतो. पुण्याच्या घरचा नियम निराळा, नागपूरच्या घरचा निराळा. आणि तरीही त्याला जो राग आलेला असतो तो आवडीनिवडीचा राग नव्हे. लाडवात बेदाणे घालावेत की नाही यावर मतभेद झाला तर कोणी रडत नाही. इथे डोळ्यांत पाणी येते. डावावर एक पैसा लावलेला नाही; तासाभराने कोण जिंकले हेही कोणाला आठवणार नाही. मग अन्याय कशाचा झाला? घराघरागणिक बदलणारा नियम मोडला म्हणून नीतीचा प्रश्न कसा उभा राहतो?

हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळू लागला तो गेल्या दिवाळीत भाच्याने घरी आणलेल्या एका खेळामुळे. त्याला पट नाही, पत्ते नाहीत. चार-पाच मुले टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाजवळ एक कागद. त्यावर त्याने घेतलेल्या पात्राचे बळ, चपळाई, बुद्धी आकड्यांत मांडलेली. एक जण गोष्ट सांगणारा, आणि तोच पंच. तो म्हणतो, "तुम्ही किल्ल्याच्या दाराशी आलात. दार बंद आहे. काय करता?" एक म्हणतो, मी दार फोडतो. दुसरी म्हणते, मी पहारेकऱ्याशी गोड बोलते. मग वीस बाजूंचा एक फासा टाकायचा, पडलेल्या दानात आपल्या पात्राचा आकडा मिळवायचा, आणि पंचाने ठरवलेली संख्या गाठली तर काम झाले. असे तासन् तास चालते, आणि पुढच्या बैठकीत गोष्ट तिथूनच पुढे सुरू होते.

"यात जिंकतं कोण?" मी विचारले.

"मामा, यात जिंकायचं नसतंच."

"मग मघाशी भांडत कशाला होतात?"

भाचा जरा विचार करून म्हणाला, "एकाला नुसती मारामारी हवी असते, एकीला नुसतं बोलायचं असतं, आणि एक जण सारखं पुस्तकातलं कलम काढून दाखवतो."

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे त्या खेळाचे नाव. मुलांना वाटते की असे काही जगात पहिल्यांदा अमेरिकेतच निघाले. हा खेळ तिथे निघाला हे खरेच. पण दुसऱ्याचे सोंग घेऊन रात्र जागवायची, आणि त्या सोंगाला नियमांनी बांधायचे, ही रीत पाहायला समुद्र ओलांडण्याची गरज नाही. मुंबईहून निघाले तर चार-पाच तासांत आपण जव्हार-मोखाड्याला पोचतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. त्याच्या पूर्वेच्या डोंगराळ अंगाला हे दोन तालुके आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांची ही भूमी. पावसाळ्यात इथे आभाळ फाटल्यासारखे कोसळते, आणि त्याच गावांत उन्हाळ्यात बायका हंडाभर पाण्यासाठी मैल-मैल चालतात. भात, नागली, वरई घरात आली, होळी पेटली, आणि शेतात हात लावण्यासारखे काही उरले नाही, की या भागात बोहाड्याचे दिवस येतात. नाशिककडच्या डोंगरात याच उत्सवाला भोवाडा म्हणतात. कुठे तो तीन रात्री चालतो, कुठे त्याहून जास्त. गावदेवी जगदंबा ही त्याची धनीण.

बोहाडा रात्रीचा. गावातली एक वाट म्हणजे रंगभूमी. तिच्या दोन्ही अंगांना माणसे दाटीने बसलेली असतात. पूर्वी टेंभ्यांचाच उजेड असे, आता विजेचे दिवेही आले आहेत. संबळ घुमू लागतो, पिपाणी सूर धरते, आणि वाटेच्या एका टोकाकडून मुखवटा घातलेले सोंग नाचत नाचत येते. पहिला मान गणपतीचा. मग शारदा. आणि मग रात्रभर पुराणांचे दार उघडल्यासारखे देव, दैत्य, वीर, राक्षस: नरसिंह येतो, भीम येतो, बकासुर येतो, दहा तोंडांचा रावण येतो. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, भडक रंगांचे आणि चांगले वजनदार. डोक्याला फडके गुंडाळून त्यावर ते घट्ट बांधावे लागतात. शेवटी जगदंबा आणि महिषासुर यांचे युद्ध होते आणि उत्सवाचा शेवट होतो.

मुखवट्याआडचा माणूस जवळजवळ बोलतच नाही. तोंडावर लाकूड बांधलेले असताना बोलणार काय? सगळे सांगणे पायांनी आणि खांद्यांनी. माझ्या भाच्याच्या खेळाच्या हे बरोबर उलट. तिथे मुले खुर्चीत बसून राहतात आणि तोंडाने समुद्र पोहतात, डोंगर चढतात. इथे तोंड बंद आणि सारे अंग बोलते. पण दोन्हींतले मूळ एकच: मी आज मी नव्हे.

मराठीत 'सोंग' हा शब्द मोठा दुटप्पी आहे. बोहाड्यात सोंग म्हणजे देवाचे रूप. वाटेने येणारा गणपती हा शेजारच्या पाड्यावरचा कोण हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी लोक त्याला हात जोडतात. आणि व्यवहारात सोंग म्हणजे ढोंग. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. बोहाड्यात या म्हणीलाही एक वळसा मिळतो. काही गावांत ठरावीक सोंग ठरावीक घराकडेच पिढ्यान् पिढ्या चालत आलेले असते, तर काही ठिकाणी सोंगाचा मान लिलावात बोली बोलून घ्यावा लागतो. म्हणजे रावणाचे सोंग आणायला आधी पैसे आणावे लागतात! हौसेला मोल नसते म्हणतात. इथे असते, आणि ते लोक आनंदाने देतात.

आता या खेळातले नियम कोणते ते पाहा. कोणी आधी यायचे, कोणी मागून, हे ठरलेले. कोणते सोंग कोणाच्या डोक्यावर, हे ठरलेले. कोण कोणाशी लढायचे आणि कोण मरायचे, हे तर पुराणानेच ठरवलेले. महिषासुराचे सोंग घेणारा कितीही ताकदवान गडी असला आणि देवीचे सोंग घेणारा किडकिडीत असला, तरी एखाद्या वर्षी महिषासुर जिंकला असे होत नाही. पण एवढे सगळे ठरल्यावरही खेळणाऱ्याच्या हाती काय उरते, असे जर कोणी विचारील तर उत्तर असे की, जे पाहायला लोक रात्र जागवतात ते सगळे उरते. रावण गर्विष्ठ दाखवायचा की थकलेला, भीमाने किती आडदांड व्हायचे, नरसिंहाने किती वेळ लोकांचा श्वास रोखून धरायचा, याचे कलम कुठेही नाही. नियमाने फक्त वाट आखून दिली. चालणे ज्याचे त्याचे.

कोकणातल्या दशावतारात हीच विभागणी आणखी वेगळ्या तऱ्हेने केलेली दिसते. तिथे आख्यान ठरलेले असते, पात्रे ठरलेली असतात, पण संवादाची वही नसते. कोणी काय बोलायचे हे त्या त्या नटाने उभ्या उभ्या रचायचे. समोरच्या राजाने अनपेक्षित प्रश्न टाकला तर आपण त्याला तोलामोलाचे उत्तर द्यायचे. संगीत नाटकातल्या नटाला हे स्वातंत्र्य नव्हते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले तेव्हा त्यातला शब्दन् शब्द आणि पदन् पद लिहिलेले होते. म्हणून दशावतारी नट किर्लोस्करांच्या नटापेक्षा कमी शिस्तीचा, असे कोणी म्हणणार नाही. दोघांच्या शिस्ती निराळ्या, इतकेच.

पंचाला किती अधिकार द्यायचा आणि पुस्तकाला किती, हा वाद युरोपात एकदा फार मजेदार तऱ्हेने झाला. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या प्रशियाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने युद्धाचा एक खेळ तयार केला. नकाशावर लहान ठोकळे मांडायचे, ते सैन्य. फासे टाकायचे आणि तक्त्यांवरून किती माणसे पडली ते काढायचे. प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. पण तक्ते इतके वाढले की लढाईपेक्षा बेरीज-वजाबाकीच जास्त होऊ लागली. तेव्हा १८७६ साली प्रशियाच्याच व्हेर्दी नावाच्या अधिकाऱ्याने सांगितले की तक्ते बाजूला ठेवा. अनुभवी पंच बसवा आणि काय झाले ते त्याला आपल्या जाणतेपणाने ठरवू द्या. एका पक्षाने खेळ पुस्तकाच्या हवाली केला, दुसऱ्याने माणसाच्या. पुस्तक चुकते तेव्हा सगळ्यांच्या बाबतीत सारखेच चुकते. माणूस चुकतो तेव्हा बहुधा त्याच्या ओळखीच्याच्या बाजूने चुकतो. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो केवळ खेळाचा आहे असेही मला वाटत नाही.

पुढे १९६९ साली अमेरिकेत, मिनेसोटात, डेव्हिड वेस्ली या तरुणाने अशाच एका युद्धखेळात सैन्याच्या तुकड्यांऐवजी एकेका खेळाडूला एकेका माणसाची भूमिका दिली. कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यार्थी, कोणी पेढीवाला. खेळाडू आपापसांत कुजबुजू लागले, कट करू लागले, पटावरची लढाई राहिली बाजूला. वेस्लीला वाटले, आपला खेळ साफ फसला. खेळाडू म्हणाले, असेच आणखी हवे. त्याच मंडळीतला डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधला गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ साली भाच्याचा तो खेळ छापला. तीन लहान पुस्तिका, एका पेटीत. पहिल्या छपाईत एक हजार प्रती. उरलेले तुमचे तुम्ही रचा, असा त्या पुस्तिकांचा सूर होता. पण गंमत अशी की पाच वर्षांच्या आत त्याच गायगॅक्सने जाडजूड ग्रंथ काढले आणि सगळीकडे एकाच पद्धतीने खेळ व्हावा असा आग्रह धरू लागला. संप्रदाय स्थापन करणाऱ्यांचे असेच होते.

१९८० साली ग्लेन ब्लॅकॉ नावाच्या एका खेळाडूने या खेळातल्या माणसांच्या चार तऱ्हा सांगितल्या. कोणी आपल्या पात्राचे बळ वाढवण्यासाठी खेळतो, कोणी डावपेचासाठी, कोणी ते पात्र आतून जगण्यासाठी, आणि कोणी गोष्ट चांगली व्हावी म्हणून. हे वाचल्यावर भाच्याच्या टेबलावरचे भांडण मला उलगडले. तिथे कोणी दुष्ट नव्हते. चौघे एका टेबलावर बसून चार वेगळे खेळ खेळत होते, आणि प्रत्येक जण मनातल्या मनात म्हणत होता, 'आमच्याकडे असे खेळत नाहीत.'

इथवर प्रश्न सोपा आहे. तऱ्हा निराळ्या असतील तर आधी बसून ठरवावे. हल्ली ही मुले खेळ सुरू करण्यापूर्वी एक आख्खी बैठक केवळ कसे खेळायचे हे बोलण्यात घालवतात असे भाचा सांगतो, आणि दशावतारी मंडळीही प्रयोगाआधी आख्यान ठरवून घेतातच. अवघड आहे तो 'पुस्तकातले कलम काढून दाखवणारा' भिडू. त्याला या खेळाच्या लोकांनी 'नियमांचा वकील' असे नाव ठेवले आहे.

योहान हाइझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली माणूस हा खेळणारा प्राणी कसा, यावर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की खोटे खेळणाऱ्यावर लोक जितके रागावतात त्याहून जास्त रागावतात ते खेळ उधळणाऱ्यावर. खोटे खेळणारा निदान नियम मानल्याचा बहाणा तरी करतो. उधळणारा खेळाचे जगच नाकारतो. आपल्याकडे या दुसऱ्या माणसासाठी 'खेळखंडोबा करणारा' असा झकास शब्दप्रयोग आहे. पण हाइझिंगाच्या या दोघांशिवाय तिसराही एक असतो, आणि तो मला दोघांपेक्षा अधिक धोक्याचा वाटतो. तो नियम मोडत नाही. पट उधळत नाही. तो नियमाचे अक्षर न् अक्षर पाळतो, आणि पाळूनच समोरच्याला खेळातून घालवून देतो.

या तिसऱ्या माणसाची गोष्ट खुद्द जव्हारातच आहे. जव्हारचे संस्थान मुकणे घराण्याचे. १९४८ साली ते विलीन झाले. त्याचा मूळ पुरुष जयबा. चौदाव्या शतकाच्या आरंभी जव्हार एका वारली प्रमुखाच्या ताब्यात होते, आणि जयबाने त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, अशी दंतकथा आहे. एवढीशी जमीन कोण नाकारील? वारल्याने होकार दिला. मग जयबाने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, त्या एकापुढे एक लावल्या, आणि त्या वेढ्यात वारल्याचे ठाणेच घातले. वारल्याला गंभीरगडाकडे जागा मिळाली आणि जव्हार जयबाचे झाले. पुढे १३४३ साली त्याच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. हीच कथा भूमध्य समुद्राकाठी कार्थेजची राणी डायडो हिच्याबद्दल सांगतात. म्हणजे कातडे नेमके कोणी कापले याचा शोध घेण्यात अर्थ नाही. पण जग या कथेवर इतके खूष का, हे विचारण्यासारखे आहे. आपण ती सांगताना जयबाच्या चातुर्याला हसून दाद देतो. वारल्याच्या अंगणात उभे राहून ती कोणी सांगत नाही.

जयबाने शब्द मोडला का? नाही. कातडे अख्खे ठेवीन असे तो कुठे म्हणाला होता? आणि तरीही वारल्याने ज्याला हो म्हटले ते हे नव्हते. शब्द देताना दोघे मिळून त्याला जो अर्थ देतात तो अक्षरात मावत नाही. जयबाने ते उरलेले सगळे फेकून दिले आणि फक्त अक्षर ठेवले. मुख्य म्हणजे, आपण एका खेळात बसलो आहोत हेच वारल्याला ठाऊक नव्हते. पाडव्याला आपण ज्या बळीची आठवण काढतो त्याची स्थिती निदान याहून बरी होती. समोर कोण उभा आहे हे शुक्राचार्यांनी त्याला आधीच सांगितले होते. वामनाची पावले कोणत्या मापाची असतील हे कळूनही त्याने उदक सोडले. आपल्या आयाबाया इडा पीडा टळो आणि बळीचे राज्य येवो असेच म्हणतात, वामनाचे येवो असे म्हणत नाहीत, यात लोकांचा कौल कोणाकडे गेला ते उघड आहे.

मग अक्षराला धरून बसणे वाईटच, असा निकाल देऊन टाकावा काय? इथे माझी लेखणी अडते. कारण भारतीय वाङ्मयात अक्षरावर बोट ठेवून विचारलेला सर्वांत मोठा प्रश्न एका असहाय बाईने विचारलेला आहे. हस्तिनापूरच्या द्यूतात नियमांचे प्रश्न आरंभापासून होते. दुर्योधनाने पण लावायचा आणि फासे शकुनीने टाकायचे, हे रीतीला धरून नाही, असे युधिष्ठिराने सुरुवातीलाच म्हटले होते, आणि म्हणूनही तो खेळला. शेवटी द्रौपदीला सभेत बोलावणे आले तेव्हा तिने निरोप्याला परत पाठवले: राजा आधी कोणाला हरला ते विचारून ये, स्वतःला की मला? जो आधीच दास झाला त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कुठला? हा शंभर टक्के नियमांचा वकील विचारील असा प्रश्न आहे. भीष्मांना उत्तर देता आले नाही. धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून ते थांबले. कौरवांतल्या विकर्णाने तेवढे तिच्या बाजूने बोलून दाखवले आणि कर्णाने त्याला खाली बसवले.

इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये, अशा प्रसंगी सभेत कायद्याचा काथ्याकूट करणे हे द्रौपदीचे चुकलेच, असे मत दिले आहे. त्या प्रश्नाने सगळेच पेचात सापडले हे खरे. तरी मला इरावतीबाईंचे म्हणणे पटत नाही. त्या सभेत द्रौपदीजवळ दुसरे होते काय? पाच नवरे माना खाली घालून बसलेले, वडीलधारे गप्प. बळ नाही, पक्ष नाही, दया नाही. जिच्याजवळ काहीच उरत नाही तिच्याजवळ नियमाचे अक्षर उरते. जयबाने अक्षर वापरले ते समोरच्याला त्याच्या घरातून उठवण्यासाठी. द्रौपदीने वापरले ते आपल्याला माणसांच्या पंक्तीतून उठवू नये म्हणून. हत्यार एकच. पण ते धरणारे हात कोणत्या बाजूला उभे आहेत हे पाहिल्याशिवाय हत्याराची निंदा-स्तुती करू नये.

या दोन तालुक्यांतल्या आणि शेजारच्या डहाणू-तलासरीतल्या माणसांनी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. लग्नासाठी कर्ज काढायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने सावकाराच्या घरी राबायचे, अशा लग्नगड्यांच्या पिढ्या इथे गेल्या. कागदावर अंगठा उठवलेला असे, आणि कागदात काय लिहिले आहे ते एकाच पक्षाला वाचता येत असे. कातड्याच्या वाद्या पुन्हा एकदा कापल्या गेल्या, या वेळी शाईने. १९४५ साली वारली त्याविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकरांनी त्या लढ्याची हकीकत १९७० साली 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली आहे. आणि मग कागदच उपयोगी पडला तो १९७४ मध्ये: आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी त्यांना परत मिळाव्यात म्हणून महाराष्ट्राने कायदा केला. अमेरिकेत त्या खेळाच्या पेट्या विकल्या जात होत्या तेच वर्ष. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण तो लिहिल्यावाचून राहवत नाही.

मुलांच्या खेळात या सगळ्याचा निवाडा फार पूर्वी झालेला आहे असे मला कधी कधी वाटते. लपंडाव असो, पकडापकडी असो, मोठ्या मुलांत एखादे चार वर्षांचे पोर लुडबुडत येतेच. त्याला घेतले नाही तर ते भोकाड पसरते. घेतले तर पहिल्याच फेरीत त्याच्यावर राज्य येते आणि मग खेळ तिथेच थांबतो. अशा वेळी आपली मुले त्याला 'कच्चा लिंबू' करतात. कच्चा लिंबू धावतो, लपतो, ओरडतो. पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. नियम जर सर्वांना सारखा म्हणूनच नियम असेल, तर कच्चा लिंबू हा उघड उघड पक्षपात आहे. कुठल्याही पुस्तकात तो लिहिलेला नाही. पण एकही मूल त्याला लबाडी म्हणत नाही. कारण सगळ्यांना ठाऊक असते की हा अपवाद कोणाला हरवण्यासाठी नाही, कोणाला तरी खेळात ठेवण्यासाठी आहे. बदामसातमध्ये पान दाबून ठेवणाऱ्याचा राग का येतो तेही यावरून थोडेसे समजते. नियम कोणता, हे तिथे गौण. ज्या समजुतीवर आपण सगळे पाय दुमडून गोल बसलो, तीत तो आपल्याबरोबर नव्हता. बसला मात्र होता. कच्च्या लिंबाचे आणखी एक असे की ते पद कायमचे नसते. पोर जरा मोठे झाले की एके दिवशी स्वतःच ठणकावते, "मी आता कच्चा नाही!" आणि त्या दिवसापासून राज्य त्याच्यावरही येते.

बोहाड्यापुढे आज याच जातीचा एक पेच येऊ शकतो. जव्हार-मोखाड्यातली शेकडो कुटुंबे दिवाळी झाली की घराला कडी लावून मजुरीसाठी बाहेर पडतात. कोणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाते, कोणी बांधकामांवर. आपण इथे फराळ करून पत्ते पिसत बसतो त्याच आठवड्यात त्यांची बोचकी बांधून होत असतात. पुष्कळ जण शिमग्याला परततात. पण मालकाची उचल फिटली नसेल, भट्टीचे काम संपले नसेल, तर नाही. आता समजा, एका गावात रावणाचे सोंग एकाच घराचे आहे, आणि त्या घरचा गडी यंदा आलेला नाही. रूढी सांगते, दुसऱ्याने तो मुखवटा घालायचा नाही. मग रावणावाचून रात्र काढायची? की शेजारच्या घरचा पोरगा, ज्याचे पाय संबळाबरोबर लहानपणापासून हलत आले आहेत, त्याला उभे करायचे?

रूढीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. मान एकदा दुसरीकडे गेला की परत येणे कठीण असते. दूर विटा थापणाऱ्या माणसाचे गावात घराव्यतिरिक्त जर काही उरले असेल तर तो मानच. आज सोय म्हणून जे सोडले ते उद्या लिलावात जाईल, ही भीती खोटी नाही. तो तिथे हजर नाही, म्हणून अक्षराने त्याच्या बाजूने उभे राहावे, हे योग्यच. पण त्याच अक्षराच्या जोरावर शेजारच्या पोराला बाजूला बसवून ठेवणेही मला पटत नाही. मला विचाराल तर मी म्हणेन, यंदा पोराला नाचू द्यावे. मात्र मुखवटा त्याच्या घरी नेऊ नये. तो काढायचा मूळ घरातून आणि रात्र संपल्यावर ठेवायचा तिथेच, घराला कडी असली तरी म्हाताऱ्या आईकडून किल्ली मागून घेऊन. मानाचा नारळ तिच्या हातात द्यावा. आणि भट्टीवरच्या गड्याला फोन करून आधी विचारावे, मग ठरवावे.